मेनच्या हिवाळ्यात होडीचं गॅरेज गरम ठेवताना

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेनच्या किनाऱ्यावर, जानेवारीत रात्रीचा पारा सहज उणे १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. कोकणात लाकडी होडी मांडवाखालीच बांधली जाते, इथे भिंती आणि ऊब दोन्ही लागतात. आणि ऊब हवी ती लाकडाला, कारण त्यावर लावायचं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा लेप) गारठ्यात लवकर सुकत नाही. खोलीतला थर्मामीटर १८ दाखवत असतानाही जाड तुळई आतून ५ अंशांवर असू शकते.

म्हणून हीटर शेवटी घ्या, आधी भिंती. ७ बाय ४ मीटरचं, २.७ मीटर उंचीचं गॅरेज धरू. बाहेर उणे १२ आणि आत १८ हवे असतील, तर उघड्या फळ्यांच्या भिंतींना साधारण ८ किलोवॉट लागतात. भिंतीत ९ सेंटीमीटर ग्लासवूल (ऊब राखणारा काचतंतूंचा थर), छतात त्याच्या तिप्पट आणि दाराच्या फटी रबरी पट्टीने बंद, एवढं केलं की अडीच-तीन किलोवॉटमध्ये भागतं. पॉलिथिन ग्लासवूलच्या आतल्या, उबदार बाजूलाच लावा. बाहेरच्या बाजूला लावलं तर खोलीतली वाफ भिंतीत शिरून थिजते आणि ग्लासवूल भिजून निकामी होतं. काँक्रीटच्या जमिनीवर ५ सेंटीमीटर फोम आणि त्यावर १८ मिलिमीटर प्लायवूड टाका.

मग हीटर. २४० व्होल्टचा ५ किलोवॉटचा घेतला तर तो जवळपास २१ अँपिअर ओढतो. त्याला ३० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर लागतो, एक्स्टेंशन कॉर्ड अजिबात नको. धुराडं नसलेला प्रोपेनचा हीटर मात्र घेऊच नका. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी आणि ३ किलो कार्बन डायऑक्साइड खोलीतच राहतो. दोन्ही मिळून ओल्या इपॉक्सीवर मेणचट थर आणतात आणि पुढचा हात त्यावर धरत नाही. असा थर आलाच तर आधी साध्या पाण्याने, खरखरीत पॅडने धुवा आणि मगच घासा. न धुता घासलं तर तो थर पॉलिशपेपरने लाकडावर आणखी पसरतो. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

रेझिन आणि हार्डनर झाकणाच्या पेटीत २५ अंशांवर ठेवा, रोपांखाली घालतात ती विजेची उबदार चटई त्याला पुरते. गार रेझिन घट्ट मधासारखं ओढतं, पंपात हवा शिरते आणि प्रमाण चुकतं. कमी पडलेला हार्डनर नंतर कशानेही भरून निघत नाही.

पहिला हात देताना उलटं करा. होडी रात्रभर तापू द्या, मग हीटर बंद करा आणि लाकूड गार होत असताना रेझिन लावा. लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. तापत्या लाकडावर लावलं तर तीच हवा फुगून बाहेर येते: टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे, फुटल्यावर प्रत्येकाच्या जागी एक खळगा. रेझिन घट्ट झालं की हीटर परत सुरू करा. साधारण १० अंश कमी झाले की सुकायला दुप्पट वेळ लागतो. पैसे वाचवायचे असतील तर रात्री फक्त होडीवर पॉलिथिनचा तंबू घालून तेवढीच गरम ठेवा.

कोरडेपणाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. उणे १० ची हवा २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ११-१२ टक्क्यांवर येते आणि लाकडातला ओलावा ३ टक्क्यांकडे घसरू लागतो. इपॉक्सीच्या होडीला ८ ते १२ टक्के ओलावा चालतो, म्हणून ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावून हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा. पाण्यात फुगून सांधे बंद होणाऱ्या पारंपरिक फळ्यांच्या होडीला १२ ते १५ टक्के लागतो. त्या होडीची खोली १०-१२ अंशांवरच बरी. अतिकोरड्या फळ्या पाण्यात इतक्या फुगतात की एकमेकींना दाबून खिळे उपटतात, होडीच्या बरगड्या मोडतात.

धूळ ओढणारं यंत्र हवा बाहेर सोडत असेल, तर तासाला १,००० घनमीटरच्या वेगाने ते ही सगळी खोली पाच मिनिटांत रिकामी करतं. बारीक फिल्टर लावून हवा आतच फिरवा, नाहीतर घासायचं काम आधी उरकून मग हीटर लावा.