आयत्या वेळचा विषय

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका पतपेढीत मी सतरा वर्षं संचालक मंडळाच्या सभांची मिनिट्स लिहितेय. लोकांना वाटतं, बोललेलं सगळं उतरवायचं. उलट आहे. बोलणं गाळायचं, ठराव, सूचक, अनुमोदक एवढंच ठेवायचं. ‘चर्चेअंती’ या एका शब्दाखाली मी किती भांडणं पुरलीत, मोजदाद नाही.

गेल्या महिन्यात ते जमलं नाही. अजेंड्यावरचे सहा विषय चाळीस मिनिटांत आटोपले. मग नेहमीची शेवटची ओळ, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. ही ओळ अभिनंदनासाठी, नाहीतर दुखवट्यासाठी. त्यात एकानं तळमजला मोबाईलच्या दुकानाला नऊ वर्षं भाड्यानं देण्याचा ठराव काढला. दुसऱ्यानं लगेच हरकतीचा मुद्दा घेतला: पैशाचा विषय, नोटीस नाही, आज न आलेल्या अकराव्या संचालकाला कळणार कसं?

हरकतीच्या मुद्द्यावर मतं घ्यायची नसतात. अध्यक्षानं उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, उघडायचे, घेता येतो किंवा येत नाही ते सांगायचं, आणि वर बोलणी खायची. आमचे अध्यक्ष निवृत्त मास्तर, सज्जन, कुणाचं मन मोडवत नाही. म्हणाले, “सभेलाच ठरवू दे.” हात वर झाले. त्यांचा धरून पाच-पाच. मग “आता माझं निर्णायक मत” म्हणत त्यांनी पुन्हा हात वर केला. विषय घ्यायच्या बाजूनं!

आमच्या उपविधींत ही दोन्ही मतं बसतात. लोकसभेच्या अध्यक्षाला मात्र राज्यघटनेच्या कलम १०० प्रमाणे आधी मत नसतंच, समसमान झाली तरच. १९२८ साली सिमल्याला भरलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ६१-६१ झाली, तेव्हा अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपलं मत विधेयकाविरुद्ध टाकलं. आणि पहिले लोकसभाध्यक्ष मावळंकर १८८८मध्ये इथेच बडोद्यात जन्मले, हे दर वर्धापनदिनी अभिमानानं सांगतात कोण, तर आमचेच अध्यक्ष.

रात्री त्यांचा फोन. “ताई, ‘सर्वानुमते’ लिहा ना. उगाच पुढे वाद नको.”

मी लिहिलं, ‘५ विरुद्ध ५, अध्यक्षांच्या निर्णायक मताने.’

पण हरकत आली तेव्हा मतं घेण्याआधी त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. उपविधींची प्रत माझ्याच फायलीत होती. मी पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

येत्या रविवारी सभा आहे. विषय क्रमांक १: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचायचं मलाच आहे.