बिजागरी उखडलेला १५.६ इंची लॅपटॉप: माझा अनुभव

झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यातून ‘कट्’ असा आवाज आला आणि कीबोर्डच्या कडेला नखभर फट पडली, की समजायचं: आतल्या पितळी नटांनी प्लास्टिक सोडलं. १५.६ इंची घरगुती लॅपटॉपचं हे अगदी ठरलेलं दुखणं. मदरबोर्ड ठणठणीत असतो, प्रोसेसर ठणठणीत असतो आणि मशीन भंगारात जातं ते बिजागरीपायी. मी उघडलं ते मशीन २०१८ चं: आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि १३६६ × ७६८ चा पडदा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक मशीनच्या पोटात हाच संसार असतो.

आधी कारण, कारण ते न समजता चिकटवाचिकटवी केली तर चार महिन्यांत पुन्हा तोच कोपरा उघडतो. झाकणाच्या पुढच्या कडेपासून बिजागरीपर्यंतचं अंतर २२ सेंटिमीटरच्या आसपास. बिजागरीचा पत्रा खालच्या बाजूला ज्या दोन-तीन स्क्रूंवर बसतो, ते मात्र तीनेक सेंटिमीटरच्या आत. म्हणजे कडेला बोटाने दिलेला जोर स्क्रूपाशी सहा-सात पट होऊन पोचतो. ते स्क्रू धातूत नसतात. प्लास्टिकच्या पोकळ खुंटीत गरम करून बसवलेल्या पितळी नटात असतात. त्यात रुंद झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची आपल्याकडे सर्रास सवय, त्यामुळे सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो. वरून बिजागरीतलं ग्रीस वाळतं, ती वर्षागणिक घट्ट होत जाते आणि एके दिवशी पत्र्याऐवजी खुंटीच वळते. खरा दोष त्या घट्टपणाचा आहे, प्लास्टिक फक्त सगळ्यात आधी हार मानतं.

या रुंदीमुळे मिळतं काय, तेही सांगायला हवं. पूर्ण आकाराचा कीबोर्ड आणि उजवीकडे नंबर पॅड. टॅलीत किंवा एक्सेलमध्ये दिवसभर आकडे भरणाऱ्याला १४ इंची मशीन दिलं तर दोन दिवसांत परत येतं. पण याच नंबर पॅडमुळे अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो, त्याच्याबरोबर टचपॅडही सरकतं आणि टाइप करणारा पडद्याच्या मध्यापासून साडेतीन-चार सेंटिमीटर बाजूला बसतो. मान किंचित उजवीकडे ठेवून तास-दोन तास काम केलं की ते जाणवतं. ज्यांना फक्त मजकूर लिहायचा आहे त्यांनी या रुंदीच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत.

दुसरा फायदा म्हणजे आत भरपूर जागा. रॅमचे दोन स्लॉट, अडीच इंची डिस्कचा कप्पा, सुटी निघणारी बॅटरी, वेगळा पंखा. पातळ, महागड्या मशीनमध्ये यातलं बरंचसं बोर्डावर पक्कं केलेलं असतं. म्हणून बिजागरीसाठी मशीन उघडणारच असाल, तर एकाच बैठकीत चार कामं उरका.

पेचकस हातात घेण्याआधी बॅकअप घ्यायचा. विंडोजच्या होम आवृत्तीतही डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्यातून बिटलॉकरची (हेच ते एन्क्रिप्शन) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं आणि सुरू होताना पडद्यावर निळी पाटी आली, तर तीच कामाला येते.

मशीन पूर्ण बंद करून, चार्जर काढून उलटं ठेवलं. दिसतात ते स्क्रू सोपे. न दिसणारे रबरी पायांच्या लांब पट्टीखाली असतात. पट्टी हेअर ड्रायरने कोमट करून सोलायची, म्हणजे ताणली जात नाही. नंतर डीव्हीडी ड्राइव्हचा एकुलता स्क्रू काढून ड्राइव्ह बाजूला ओढला, की त्या पोकळीत आणखी तीन चिमुकले स्क्रू सापडतात. बरेच जण हे विसरतात, पॅनल उचकटायला जातात आणि कड तोडून बसतात. मी पुठ्ठ्यावर मशीनची बाह्याकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. यात नुसती शिस्त नाही: स्क्रू दोन लांबींचे असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात आवळला तर हात टेकायच्या जागी आतून फोड येतो.

पॅनल सोडवायला जुनं एटीएम कार्ड पुरतं, लोखंडी पेचकस नको. बिजागरी तुटलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात करू नका, तिथलं प्लास्टिक आधीच अर्धमेलं असतं. पॅनल निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढायची आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड आतून वर ढकललं गेलं असेल, तर तिला टोचायची-दाबायची नाही; ती बदलायचीच.

रिपेअरवाल्यांच्या भाषेत झाकणाची पाठ म्हणजे ए पॅनल, पडद्याभोवतीची चौकट बी, कीबोर्ड असलेला भाग सी आणि तळ म्हणजे डी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात सुटा भाग मागताना हीच अक्षरं चालतात. माझ्या मशीनचा सी पॅनल गेला होता: डावीकडच्या तीन खुंट्यांपैकी दोन मुळापासून उखडलेल्या, त्यांचे नट बिजागरीच्या स्क्रूंनाच लटकत राहिलेले, आजूबाजूला प्लास्टिकचा चुरा. नवा सी पॅनल हा सरळ मार्ग, कारण तो बहुधा कीबोर्डासकट मिळतो. नुसता कीबोर्ड बदलणं या वर्गात शिक्षा आहे. तो स्क्रूंनी नव्हे तर वितळवून चेपलेल्या प्लास्टिकच्या डझनावारी टिकल्यांनी पक्का केलेला असतो. चुकीच्या जागी केलेल्या काटकसरीचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

मी दुरुस्तीचा मार्ग घेतला. चुरा काढून जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू दिली. नट स्क्रूंवरच ठेवून आट्यांना ग्रीसचा अगदी पुसट हात दिला, नाहीतर डिंक आट्यांत शिरून स्क्रू कायमचा बसतो. नटाच्या बाहेरच्या अंगाला मात्र ग्रीस लागता कामा नये. प्रत्येक नटाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे दोन वेढे दिले, जेणेकरून डिंकाला धरायला काहीतरी मिळेल. बिजागरी मूळ जागी बसवून, साबूत तिसऱ्या स्क्रूने अडकवून, दोन ट्यूबवालं अराल्डाइट समसमान मिसळून नटांभोवती काडीने भरलं. पाच मिनिटांत आवळणारा प्रकार घेऊ नका. सावकाश वाळणारा घ्या आणि २४ तास हात लावू नका. झटपट चिकटवणारा सुपरग्लू इथे चालत नाही. तो कडक होतो पण ठिसूळ, आणि बिजागरीचा पीळ त्याला पहिल्याच आठवड्यात तडकवतो. वर त्याच्या वाफेचे पांढरे डाग पडतात ते निराळेच.

ए पॅनल तुटला असेल तर आणखी एक रांगडा इलाज आहे: आरपार भोक पाडून २.५ मिलिमीटरचा चपट्या डोक्याचा बोल्ट बाहेरून घालायचा. झाकणावर दोन टिकल्या दिसतात. दिसायला वाईट, टिकायला उत्तम.

डिंक वाळायच्या आधी नाही, पण मशीन बंद करण्याआधी नक्की करायचं काम म्हणजे बिजागरी सैल करणं. दांड्याच्या टोकाला नट असेल तर पाव फेरा सैल करा, झाकण हलवून पाहा, लागलं तर आणखी थोडा. झाकण ११० अंशांवर सोडल्यावर जागीच थांबायला हवं, एवढाच घट्टपणा पुरे. स्वस्त बिजागरीत नट नसतोच, पत्रा दांड्याभोवती नुसता गुंडाळलेला असतो. तिथे ग्रीसचा थेंब सोडून वीस-पंचवीस वेळा उघडझाप करायची. तरी अडली तर डावी-उजवी जोडीच बदलायची. जोडी काही शे रुपयांत मिळते, आणि ती न बदलता फक्त खुंटी चिकटवणारा कारागीर तुम्हाला पुन्हा येण्याचं निमंत्रण देत असतो. त्याच बिजागरीतून पडद्याची केबल आणि वायफायच्या अँटेनाच्या वायरी जातात. तुटका पत्रा केबल चिमटतो, झाकण हलवलं की पडद्यावर रेघा येतात आणि लोक पडदा बदलून बसतात. एचडीएमआयने टीव्ही जोडून पाहा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर रेघा झाकणाच्या हालचालीबरोबर येत-जात असतील, तर आधी केबलचा संशय घ्या.

अराल्डाइट वाळत असताना पंखा. या मशीनची हवा तळातून आत जाते आणि बिजागरीपाशी बाहेर पडते. गादीवर, उशीवर ठेवलं की नाकच दाबलं जातं. पंख्याची पाती पाहून कचरा कळत नाही. पंखा सोडवला की त्याच्या आणि धातूच्या जाळीच्या मध्ये धुळीची जाजमासारखी घट्ट पट्टी निघते. माझ्याकडे ती चिमट्याने अख्खी उचलता आली. नुसती बाहेरून फुंकर मारली असती तर ती जाळीत आणखी रुतली असती. ब्लोअर मारताना पातं काडीने अडवून धरा. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, स्क्रूंजवळ आकडे कोरलेले असतात: काढताना उलट्या क्रमाने, लावताना सुलट्या, प्रत्येक थोडाथोडा. चिप आणि हीटसिंकमधली, वाळून खडू झालेली पेस्ट अल्कोहोलने पुसून चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट. जास्त घातल्याने जास्त थंड होत नाही. पूर्ण लोडवर आधी तापमान ९७ अंशांपर्यंत चढत होतं, या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० आहे. सफाई आणि नव्या पेस्टनंतर ते ८० च्या घरात स्थिरावलं.

डिस्क आणि रॅमला फार शब्द नकोत. ७ मिलिमीटर जाडीची अडीच इंची साटा एसएसडी जुन्या कंसात तशीच बसते. रॅम २६० पिनांची, डीडीआर४, १.२ व्होल्टची, तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्या ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. एका ४ जीबीच्या पट्टीऐवजी दोन्ही स्लॉट भरले की अंगभूत ग्राफिक्सलाही फरक पडतो. जुनी हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत (ड्राइव्हच्या आकाराच्या चौकटीत) घालायची असेल तर ड्राइव्हची जाडी आधी मोजा, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार आहेत. मी ती बाहेरच्या खोक्यात घातली. सतत फिरणारी डिस्क बॅटरीवर कशाला पोसायची? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, म्हणून एवढा खटाटोप. सातव्या पिढीचं मशीन असतं तर मी लिनक्सचा विचार केला असता.

राहिला पडदा, आणि इथे माझी तक्रार सगळ्यात मोठी आहे. १५.४ इंची १६:१० पडदे ३३.२ बाय २०.७ सेंटिमीटरचे होते, १५.६ इंची १६:९ पडदा ३४.५ बाय १९.४. आकडा वाढला, उंची सव्वा सेंटिमीटरने घटली. उभ्या ओळी ८०० वरून ७६८ झाल्या. वर्डची पट्टी वर, टास्कबार खाली, मध्ये पानाची एक फाळी उरते. व्हिडिओ पाहायला रुंदी छान, पण २.३९:१ चा सिनेमा लावला तर ७६८ पैकी जेमतेम ५७१ ओळी वापरात येतात. त्यात स्वस्त टीएन जातीचा पडदा, जरा खालून पाहिलं की रंग उलटे. सोफ्यावर तिघांनी मिळून पाहण्याचं हे मशीन नाही.

१९२० × १०८० चा आयपीएस (बाजूनेही रंग नीट दाखवणारा) पडदा घालण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. जुन्या पडद्याच्या पाठीवरचा मॉडेल नंबर, रुंदी ३६० मिलिमीटर कानांसकट की ३५० बिनकानांचा, आणि केबल. शेवटची गंमत फसवी आहे. दोन्ही पडद्यांना ३० पिनांचाच कनेक्टर असतो, पण १३६६ च्या पडद्याला एक लेन (चित्राचा डेटा नेणारी तारांची जोडी) पुरते आणि १०८० ला दोन लागतात. कंपनीने पैसे वाचवायला केबलमध्ये एकाच लेनच्या तारा घातल्या असल्या, तर पडदा व्यवस्थित बसतो आणि चित्र मात्र धड येत नाही. माझ्या मशीनची केबल तशीच निघाली. त्याच मॉडेलच्या महाग आवृत्तीची केबल मागवावी लागली, आणि ती बिजागरीतून ओवायला झाकण पुन्हा उघडावं लागलं. हे आधी तपासलं असतं तर दोन्ही कामं एकदम झाली असती.

जे बदलता आलं नाही ते असं: लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे, त्यामुळे फायबरचा २०० चा प्लॅन तारेवर ९५ च्या वर जात नाही. यूएसबी ३ च्या पोर्टला गिगाबिट अडॅप्टर लावून भागवलं. वायफाय कार्ड बदलता येतं, पण अँटेनाची वायर एकच असेल तर दोन अँटेनांच्या कार्डाचा निम्मा उपयोग.

बंद करण्याआधी डी पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहिली आणि खाली: ‘डावी बिजागरी अराल्डाइट, नट पाव फेरा सैल, केबल दोन लेनची’. पुढच्या वेळी हे मशीन जो उघडेल, त्याला पुठ्ठ्यापासून सुरुवात करायला नको.