आम्ही बुडतोय की आपण बुडतोय?

आईला अजूनही वाटतं की मी पाळक होणारे. दर रविवारी उपासना आटपून घरी आली की तिचा नगरहून फोन (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आई ऐकत नाही), सलाम झाला, गुडघे झाले, शेजारचे झाले की हळूच, "मग कधी होतेयस?" चारदा सांगून झालं की अगं नाही, वर्गातले अर्धे लोक चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक व्हायला आलेत, उरलेले माझ्यासारखे, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हौसेने. "हौसेने कोण परीक्षा देतं?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

बऱ्याच मैत्रिणींनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकते. इंग्लंडमध्ये थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकतेय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढे दगडी इमारती आणि काळे झगे येत असतील, तर ते पुसून टाका. आमचं कॉलेज म्हणजे चर्चच्या मागचे दोन वर्ग, आपल्या हॉलएवढी लायब्ररी आणि एक किचन, जिथे बिस्किटांचा डबा कायम अर्धा रिकामा असतो. डिग्री मात्र डरम युनिव्हर्सिटीची. 2014 पासून इथे अशी सोय आहे की छोट्या छोट्या चर्च कॉलेजांनी शिकवायचं आणि डरमने तपासून डिग्री द्यायची. आम्ही वर्गात नऊ जण. दर मंगळवारी संध्याकाळी 7 ते 9:30 क्लास, जमलं नाही तर घरून लॅपटॉपवर, वर्षातून काही वीकेंड सगळ्यांनी एकत्र राहायचं, बाकी सगळं मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवर.

फ्लेक्झिबल हा शब्द फार फसवा आहे हं. वेळ इकडेतिकडे होते, काम तेवढंच राहतं. इथे एका क्रेडिटमागे 10 तास अभ्यास धरतात, म्हणजे 10 क्रेडिटचा साधा विषय घेतला तरी 100 तास झाले, आणि फुल टाइमवाल्याला वर्षाला असे 120 क्रेडिट असतात. मी निम्मे घेते, म्हणजे तीन वर्षांची बीए सहा वर्षांत. मी केअर होममध्ये कामाला आहे, त्यात आठवड्याला दोन नाइट, तेव्हा हे तास कुठून आणायचे? तर बसमधून, ब्रेकमधून, कणीक मळताना कानात रेकॉर्डिंग लावून. निकियाची परिषद, येशू नेमका कोण यावर बिशपांची ती मोठी सभा, इसवी सन 325, मी पूर्णपणे पोळ्या लाटताना ऐकलीय, आणि एका शब्दावरून ते बिशप इतके का भांडले ते ऐकता ऐकता दोन पोळ्या करपल्या.

पहिल्या वर्षी एक निबंध 12 वाजेपर्यंत द्यायचा होता. मी आपली रात्रीचे 12 समजून नाइट करून आले, झोपले, चारला उठून निवांत चहा केला, आणि मग कळलं की दुपारचे 12. उशिरा दिलं की कितीही चांगलं लिहा, 40 च्या वर मार्क नाहीत, आणि 40 म्हणजे काठावर पास. चूक माझीच होती त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती, पण रडले. मार्कांचं इथलं गणितच वेगळं, 70 ला फर्स्ट क्लास आणि 80 दिसणं दुर्मिळ. पहिले 62 मिळाले तेव्हा ट्यूटर म्हणाल्या व्हेरी सॉलिड, आई म्हणाली का गं, आजारी होतीस का?

पण खरं सांगायचंय ते ग्रीकचं.

बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, म्हणून ग्रीक घेतलं. मी धास्तावले होते, कारण बाकी आठही जण इंग्रजीत जन्मलेले आणि मी चाळिशीत, पुस्तक इंग्रजीत, शिकवणं इंग्रजीत. दुसऱ्याच आठवड्यात विभक्ती आली आणि वर्गाचे चेहरे पडले. शब्दाचं शेपूट बदललं की अर्थ बदलतो हे त्यांना पटेचना. मला मात्र एकदम सातवीचा वर्ग आठवला, स-ला-ते, स-ला-ना-ते, छडीच्या तालावर. ट्यूटरनी म्हणून दाखवायला लावलं, मी दाखवलं, सगळे हसले, पण आठ विभक्त्या पाठ करून आलेल्या बाईला ग्रीकच्या पाचांची काय भीती! मग लिंगं आली. होडोस म्हणजे वाट, दिसायला पुल्लिंगी शब्दासारखा पण आहे स्त्रीलिंगी. निवृत्त बँक मॅनेजर असलेले एक आजोबा वैतागून म्हणाले, रस्ता बाई कसा असेल? म्हटलं आमच्याकडे रस्ता तो आणि वाट ती, दोन्ही एकाच गावाला जातात, कोणी विचारत नाही.

नंतर मात्र मीच अडकले. मार्कच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातलं वादळ तुम्हाला माहीत असेल, होडीत पाणी भरतंय, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात, गुरुजी, बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? ग्रीकमध्ये तिथे एकच शब्द आहे, आपोल्लुमेथा. कर्ता वेगळा लिहिलेलाच नाही, शेवटच्या "मेथा"त तो "आम्ही" येऊन जातो. इंग्रजीवाल्यांनी "वी" लिहिलं आणि पुढे गेले. मी निबंधात तो उतारा आधी मराठीत करायला बसले, माझी ही सवयच आहे, आणि पेन थांबलं. आम्ही बुडतोय की आपण बुडतोय?

"आपण" म्हटलं तर येशूही बुडणाऱ्यांत आला, म्हणजे शिष्यांना वाटतं हाही आपल्यासारखाच, उठा आणि पाणी उपसायला लागा. "आम्ही" म्हटलं तर तो वेगळा, त्याला काही होणार नाही, आमचं काय ते बघ. म्हणजे त्या क्षणी त्यांनी त्याला कोण मानलं होतं, हे एका सर्वनामावर येऊन ठेपलं, आणि ग्रीक काही सांगत नाही! त्यात आपल्या "आपण"ची आणखी गंमत, "आपल्याला काळजी नाही का" यातला आपल्याला म्हणजे आदराने तुम्हाला की आपल्या सगळ्यांना, तेही कळेना. रात्री दोनला केअर होमच्या कॉरिडॉरमध्ये बसून मी कागदावर आम्ही-आपण आम्ही-आपण लिहीत होते. राउंडला आलेली नर्स म्हणाली आर यू ओके?

हेच कोडं पंडिता रमाबाईंनाही पडलं असणार, असं सारखं मनात येत होतं. बाईंनी केडगावला, निराधार बायका-मुलींसाठीच्या मुक्ती मिशनचा सगळा पसारा सांभाळून, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि 1922 ला जाईपर्यंत त्या ते काम करत होत्या. याला म्हणायचं फ्लेक्झिबल लर्निंग. आमचा एक वीकेंड ऑक्सफर्डशायरमध्ये होता, तेव्हा शनिवारची दुपार मोकळी मिळाली तर मी बस पकडून वाँटेजला गेले. 1883 मध्ये रमाबाईंचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा तिथे झाला. पंचवीस वर्षांच्या विधवा बाई, डॉक्टर व्हायला आल्या आणि कमी ऐकू येतं म्हणून ते राहिलं. तिथल्या नन त्यांना आज्ञेत राहायला सांगायच्या आणि रमाबाई पत्रातून प्रश्नावर प्रश्न विचारायच्या, पटल्याशिवाय मानायच्या नाहीत. गाव लहानसं, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा, बाजूला चिप्सचा वास. मी बेंचवर बसून थर्मासमधला चहा प्यायले आणि नगरला व्हिडिओ कॉल लावला.

आईला पुतळा दाखवला, तिला त्यात काडीचा रस नव्हता. म्हणून मग कोडंच घातलं. म्हटलं तू शिष्य असतीस तर काय म्हणाली असतीस, आम्ही की आपण?

एक सेकंद लागला नाही. "आम्ही. जुन्या घराचे पत्रे गळायचे, पोरं भिजायची, मी पातेली लावत फिरायचे आणि तुझे बाबा घोरत पडलेले. मी त्यांना काय म्हणायचे? आम्ही भिजतोय आणि तुम्ही खुशाल झोपलाय! आता ते काय कोरडे होते का? त्यांचीपण गादी भिजलेली. पण रागात माणूस आपण म्हणत नाही."

म्हणजे "आम्ही" म्हटलं म्हणून शिष्यांनी त्याला देव मानलं असं काही नाही, ते नुसते चिडलेलेही असतील. माझं अर्धं आर्ग्युमेंट पातेल्यात गेलं. मी दोन पानं खोडून पुन्हा लिहिली, गळणारे पत्रे तसेच घातले, तळटीपेत स्रोत म्हणून आईशी झालेलं बोलणं आणि तारीख दिली, कारण इथे स्रोत द्यावाच लागतो. ट्यूटरनी समासात लिहिलं की या टीपेबद्दल तुमच्याशी बोलायचंय, आणि पुढच्या मंगळवारी वर्गात पाऊण तास फक्त पत्र्यांवर चर्चा झाली.

मार्क 68. रविवारी आईला सांगितलं.

"म्हणजे दोन मार्कांनी फर्स्ट क्लास गेला," ती म्हणाली. "मला नीट विचारायचं होतंस."