कॉलर माइकची खरखर

या स्मरणिकेत नाटकात काम केलेले बरेच जण लिहितील. मी साउंडच्या टेबलामागच्या पोरांच्या वतीने लिहितोय. २००९च्या दहावीच्या बॅचमधली आम्ही काही मुलं संमेलनात स्टेजवर कधी चढलो नाही, पण नाटकातला प्रत्येक शब्द आमच्या हातातून जायचा.

५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन झाला की शाळेत तालमींना जोर चढायचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक केलं ते आपल्या सांगलीत. इथला प्रेक्षक ऐकू आलं नाही तर गप्प बसत नाही, मागच्या रांगेतून सरळ "आवाज!" अशी आरोळी येते. शाळेकडे कॉर्डलेस कॉलर माइकचे सेट होते, एका मंडपवाल्याकडून जुने घेतलेले. पोरं घामाने निथळायची आणि प्रयोग संपला की घाईघाईत माइकची वायर कमरेला लावायच्या ट्रान्समीटरच्या डबीभोवती करकचून गुंडाळायची. पुढच्या तालमीला मान वळवली की खर्रर्र.

सगळे म्हणायचे, माइक गेला. विज्ञानाचे सर म्हणायचे, "माइक नाही रे गेला, वायर गेली. कनेक्टरपाशी बघा." मल्टिमीटर बझरवर लावून, म्हणजे जोड सलग असेल तोवर बीप वाजत राहते, ते आम्हाला वायर कनेक्टरच्या, म्हणजे ट्रान्समीटरमध्ये खोचायच्या टोकाच्या, तोंडाशी हलकेच वाकवायला सांगायचे. बीप तुटली की दुखणं सापडलं.

टोपण उघडल्यावर आत काय दिसायचं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. चार बारीक पिना, त्यांच्या वाट्यांत जुनं, निस्तेज झालेलं सोल्डर आणि वायरीतल्या तारेभोवतीची, घामाने हिरवट पडलेली तांब्याची जाळी. जाळीचे केस एकेक करून तुटलेले, एखाद-दुसरा तग धरून. ही जाळी म्हणजे अर्थिंग. ती अर्धवट तुटली की हम, म्हणजे सतत घुंऽऽ असा आवाज, येतो, खरखर येते आणि माइक दोषी ठरतो. तुटल्या जागेच्या पुढचा चांगला दोन इंच तुकडा कापून टाकायचा, कारण आत तांबं काळं पडलेलं असलं तर त्यावर सोल्डरचा डाग बसतच नाही. वायरीतले बळकटीचे पिवळे धागे ब्लेडने छाटायचे. आणि डाग द्यायच्या आधी मागची टोपी वायरीत ओवायची! सर हे दर वेळी बजावायचे.

डाग देण्याची त्यांची एक युक्ती मी आजही वापरतो. कनेक्टर मोकळा धरायचा नाही, त्याच्या जोडीच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवायचा. उष्णतेने आतलं प्लास्टिक मऊ पडलं, तरी पिना जागच्या हलत नाहीत. ६३-३७चं कथिल-शिसं १८३ अंशांना वितळतं. पीन आणि तार दोन्ही तापू द्यायच्या, सोल्डर आपण होऊन वाहिलं पाहिजे. वरून थापलेला डाग बाहेरून छान दिसतो आणि ऐन प्रयोगात सुटतो. कुठल्या पिनेला काय, याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. शुअर कंपनीच्या चार पिनी कनेक्टरला एकवर अर्थिंग, दोनवर पाच व्होल्ट, तीनवर आवाज. एका कंपनीची जोडणी दुसरीला चालत नाही, हे त्या तक्त्यामुळे कायमचं डोक्यात बसलं.

आमच्या वर्षी आईचं काम करणारी मुलगी फार हळू बोलायची. तिला मोठ्याने बोलायला लावलं असतं, तर तो प्रवेशच मेला असता. तिचा कनेक्टर आम्ही आदल्या संध्याकाळी नव्याने बांधला, प्रयोगशाळेतल्या मामांनी तेवढ्यासाठी कुलूप लावायचं थांबवलं. ट्रान्समीटरपाशी वायरीचा सैल वेढा घेऊन पट्टी लावली, म्हणजे ओढ कनेक्टरवर येणार नाही. तिचा दबका हुंदका शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. कुणी "आवाज" म्हणून ओरडलं नाही. त्या संध्याकाळी मला माझं काम सापडलं, आज मी नाटकांचं साउंड करतो.

शाळेने आता नवे सेट घेतलेत असं कळलं. आनंदच आहे. पण वायर त्यांचीही तिथेच तुटणार, आणि "नवीन मागवा" हे उत्तर मुलांना मिळू नये असं मला मनापासून वाटतं. जुने सेट कृपया भंगारात घालू नका. आठवी-नववीतल्या मुलामुलींना ते उघडू द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा रविवार बाईंनी कळवावा. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि सुटे कनेक्टर मी घेऊन येतो, शाळेने फक्त प्रयोगशाळा उघडी ठेवावी.