पाट्या पडत होत्या
रविवार, गंगापूर रोड, नाशिक

काल रात्री अद्वैतने ‘सायको’ हा भयपट लावला आणि सुरुवातीच्या श्रेयनामांच्या पाट्या सुरू होताच रिमोटने चित्रपट थेट पुढे नेला. एवढीच गोष्ट, पण आज सोमेश्वरपर्यंत फिरून आलो तरी ती मनातून जात नाही. “काका, नुसती नावंच तर आहेत,” असे तो सहज म्हणाला. वहिनी हसल्या. तेही लागले, परंतु त्याविषयी लिहायचे नाही.

नुसती नावे? १९६० साली आरेखक सॉल बासने त्या पाट्यांमध्ये कथेतले एकही चित्र येऊ दिले नाही. काळ्या पडद्यावर करड्या पट्ट्या आडव्या-उभ्या धावतात, अक्षरे तुकड्यांनी येतात, क्षणभर जुळतात आणि पुन्हा दुभंगतात. सोबतीला संगीतकार बर्नर्ड हरमनची केवळ तंतुवाद्ये असतात. त्यानंतर जवळजवळ पाऊण तास कोणाचाही जीव जात नाही, तरीही पैसे घेऊन पळालेल्या त्या मुलीच्या साध्या मोटारप्रवासात आपला श्वास अडकतो, कारण पाट्यांचेच संगीत तिथे परत आलेले असते. ज्याने ते पहिल्यांदा ऐकलेच नाही, त्याला ते परत आल्याचे कळणार कसे?

आणि नावांचेच म्हणायचे, तर ‘सेव्हन’ (१९९५) पाहावा. काइल कूपरने केलेल्या त्याच्या पाट्यांत वह्या शिवणारे, स्वतःच्या बोटांची कातडी खरवडणारे खुन्याचे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. आणि खुनी रंगवणाऱ्या नटाचे नाव पाट्यांत मुद्दामच घातलेले नाही. तिथे न आलेले नावच रहस्य राखते.

हे सारे मला काल सांगायचे होते. या घरात माझे बोलणेही पाट्यांसारखेच झाले आहे, मुख्य गोष्ट सुरू होण्याआधी वगळण्याजोगे, असे दुपारी वाटले आणि स्वतःची बरीच कीव आली. दादा असता तर... असो.

संध्याकाळी चहाच्या वेळी धीर करून विषय काढला. पट्ट्यांवरून तंतुवाद्यांवर येईपर्यंत चहा निवला. “भाऊजी, तुमची नांदीच संपत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि मलाही हसू आवरले नाही. भीती वाटण्याआधी बराच वेळ काहीच घडू नये, हा माझाच सिद्धान्त मी प्रयोगासह मांडला होता.

पुढच्या शनिवारी ‘व्हर्टिगो’ पाहायचा आहे. त्याच्या पाट्यांत डोळ्यातून उमटणाऱ्या आवर्तांविषयी माझे व्याख्यान जेवणाच्या ताटावरच उरकावे, असा आदेश झालेला आहे.