चौकोनाचे कोनदुभाजक: तिसऱ्या आठवड्याची नोंद

चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज ३६०° का असते, हे कर्ण काढून मागील नोंदीत पाहिले होते. या आठवड्यात त्याच कोनांचे दुभाजक काढले आणि आतापर्यंतच्या सर्व आकृत्यांपेक्षा अधिक आनंद देणारा गुणधर्म हाती आला.

सुरुवात मुद्दाम कोणत्याही विशेष प्रकारात न बसणाऱ्या चौकोनापासून केली. अ, ब, क, ड या शिरोबिंदूंशी अनुक्रमे ७६°, १२०°, ८४° आणि ८०° चे कोन घेतले. लगतच्या कोनांचे दुभाजक जिथे छेदतात, त्या चार बिंदूंनी आत एक लहान चौकोन तयार होतो. पहिल्या प्रयत्नात त्याच्या कोनांची बेरीज ३५७° भरली, कारण कोनमापक लावण्यासाठी रेषा फारच आखूड होत्या. मोठ्या कागदावर, दुभाजक कंपासने काढून पुन्हा मोजल्यावर ८२°, ७८°, ९८° आणि १०२° मिळाले. संमुख कोनांची बेरीज दोन्ही जोड्यांत १८०° आहे, म्हणजे आतला चौकोन चक्रीय आहे: त्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर येतात.

सिद्धता अवघ्या दोन ओळींची आहे. अ आणि ब यांच्या दुभाजकांमधील कोन १८०° वजा त्या दोन कोनांच्या बेरजेचा निम्मा भाग इतका असतो, आणि क व ड यांच्याबाबतही तसेच. दोन्ही मिळवल्यास ३६०° मधून चारही कोनांच्या बेरजेचा निम्मा भाग, म्हणजे १८०°, वजा होतो व १८०° उरतात.

समांतरभुज चौकोनात लगतचे कोन परस्परांचे पूरक (बेरीज १८०°) असल्याने आत आयत मिळतो, आणि मूळ आकृती चौरस नसलेला आयत असेल तर आत चौरस मिळतो. समभुज चौकोन आणि पतंग यांत चारही दुभाजक एकाच बिंदूत मिळतात, त्यामुळे आत काहीच उरत नाही.

सर्वाधिक वेळ समलंब चौकोनाला दिला. समांतर नसलेल्या प्रत्येक बाजूच्या टोकांचे कोन पूरक असल्याने आतल्या चौकोनाचे दोन संमुख कोन काटकोन होतात, आणि म्हणून उरलेल्या दोन शिरोबिंदूंना जोडणारा रेषाखंड त्या चौकोनाच्या शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ठरतो. शिवाय दुभाजकावरील प्रत्येक बिंदू कोनाच्या दोन्ही भुजांपासून समदूर असतो. त्यामुळे ते दोन्ही काटकोनी शिरोबिंदू समांतर बाजूंच्या बरोबर मधोमध, एकाच रेषेवर येतात. ही रेषा आकृतीत आधीपासून आखलेली नव्हती. ती नंतर लाल पेन्सिलने काढली, तेव्हा ती दोन्ही बिंदूंतून अचूक गेली.