चौकट ड-4

फाइल छापखान्यात जायची त्या दिवशी सकाळी आमच्याकडे वाद पेटला होता तो तीन पानांवरून.

पुस्तक एका बंदराच्या शहराचं, प्रवाशांसाठी. मजकूर विकिव्हॉयेज या प्रवासमाहितीच्या संकेतस्थळावरचा, म्हणजे कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा. नकाशे ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवरून आम्ही बनवलेले. 12 फर्मे, 192 पानं असा हिशेब बसला होता. शेवटी योगदानकर्त्यांची नावं लावली आणि तीन पानं बाहेर सांडली. तीन पानांसाठी सोळा पानांचा आणखी एक फर्मा चढवायचा म्हणजे कागद आला, प्लेटा आल्या, आणि पुस्तकाचा कणा जाड होणार म्हणून मुखपृष्ठही नव्याने करणं आलं.

"नावं कशाला? लिंक द्या की," निर्मितीचं काम बघणारे सर म्हणाले. नियमाने त्यांचं बरोबर होतं. विकिव्हॉयेज आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या अटींनुसार मूळ पानाची लिंक दिली तरी श्रेय दिल्यासारखं धरतात. यादी दिलीच, तर अगदी किरकोळ बदल करणाऱ्यांना त्यातून गाळताही येतं. पण छापील लिंकवर कितीही बोट दाबलं तरी काही उघडत नाही. आणि इतक्या लोकांनी फुकट लिहून दिलेल्या मजकुराच्या बदल्यात आपण देतो काय, तर नाव. तेवढ्यावर मी अडून बसले. शेवटी तडजोड झाली: किरकोळ बदल गाळायचे. किरकोळ कशाला म्हणायचं ते मी ठरवायचं.

असा मजकूर ज्या अटींवर वापरायला मिळतो, तो परवाना तसा छपाईचा विचार करूनच निवडलेला आहे. 2003 मध्ये विकिट्रॅव्हल हे असंच प्रवासाचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा विकिपीडिया ज्या परवान्यावर चालत होता, त्यात प्रत्येक प्रतीसोबत परवान्याचा अख्खा मजकूर जोडायची अट होती. प्रवाशाने खिशात घालायला दोन पानं छापायची आणि त्याला कायद्याची कित्येक पानं टाचायची, हे कुणी करणार नाही. म्हणून तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा सुटसुटीत परवाना घेतला. 2006 मध्ये त्यातून फुटून विकिव्हॉयेज निघालं, 2013 मध्ये ते विकिमीडियाकडे आलं, आणि परवाना त्याच कुळातला राहिला.

तर मी एकेका लेखाचा इतिहास उघडून बसले. तारीख, सदस्यनाव, किती बाइट वाढले वा घटले, आणि जमलं तर एका ओळीत कारण. मोठे बदल ठळक आकड्यांत दिसतात. बारीक बदलांच्या नोंदी वाचायला लागले आणि गाळायचा हात आखडला. 'संग्रहालय आता सोमवारी बंद.' 'फेरीचा धक्का हलवला, जुन्या जागी कुंपण आहे.' 'हे हॉटेल पाडलं.' बाइट मोजले तर चिमूटभर, पण प्रवाशाचा दिवस वाचवणारं काही असेल तर हेच. यांना किरकोळ म्हणायचं?

तेवढ्यात आमची नकाशे करणारी मुलगी प्रूफ घेऊन आली. "मॅडम, जुन्या बंदराच्या प्रकरणात लिहिलंय, 'हा वाडा चौकट ड-4 मध्ये पाहा.' आपल्या नकाशांवर चौकटी आहेतच कुठे? आखू का?"

आखू नकोस, म्हटलं. आधी ही चौकट आली कुठून ते बघू.

इतिहासात शोध घेतला. जुन्या बंदराचं जवळजवळ सगळं वर्णन एकाच सदस्याने एकाच फटक्यात टाकलेलं. त्या लेखातला सगळ्यात मोठा आकडा त्याचाच होता. गाळणी लावली असती तर यादीत पहिलं नाव त्याचं. भाषा गुळगुळीत, एक चूक नाही, आणि मध्येच कुठल्या तरी वेगळ्याच नकाशाच्या चौकटींचे उल्लेख. दोन वाक्यं अवतरणचिन्हांत घालून शोधली. एक छापील मार्गदर्शक सापडलं, सर्व हक्क राखीव असलेलं. परिच्छेदच्या परिच्छेद तिथून उचलले होते.

संकेतस्थळावर असा मजकूर सापडला की तो काढून टाकता येतो. दोन हजार प्रतींत छापला गेला तर काढायचा कसा? प्रकरण थांबवलं. छापखान्याला फोन करून रात्रीपर्यंत मुदत मागून घेतली.

नुसतं जुन्या आवृत्तीवर परत जाऊन भागेना. त्या चोरीच्या परिच्छेदांवर नंतर इतरांनी प्रामाणिकपणे दुरुस्त्या केल्या होत्या, त्याही गेल्या असत्या. मग मजकूर सोलून काढला. वेळा, पत्ते, तिकिटाचे दर, कुठल्या रस्त्याने जायचं ही झाली माहिती. ती कुणाच्या मालकीची नसते. ती इतरांच्या दुरुस्त्यांतून आणि अधिकृत पानांवरून पुन्हा तपासून घेतली. वर्णन मात्र सगळं टाकून दिलं. चर्चापानावर लिहिल्यावर तासाभरात दोन जुने सदस्य धावून आले. त्यातला एक त्या भागात नेहमी जाणारा. नवं वर्णन आम्ही विकिव्हॉयेजवरच लिहिलं आणि तिथून पुस्तकात घेतलं, म्हणजे कोणी काय लिहिलं याची नोंद तुटली नाही. चोरीच्या वर्णनात वाड्याच्या कमानीवर अख्खा परिच्छेद होता. नव्यात एवढंच आहे की कमानीखालचा दगड पावसात निसरडा होतो, डावीकडून चढा. मला हे जास्त आवडलं.

प्रकरण चार पानांनी आटलं आणि नावांची तीन पानं आपोआप मावली. कुणालाच गाळलं नाही. ज्याच्या नोंदीत फक्त 'सोमवारी बंद' होतं, तोही आत आहे. नाव न नोंदवता लिहिणाऱ्यांसाठी मात्र एकत्रित एक ओळ दिली. आयपी पत्त्यांचे रकाने छापणं मला पटत नाही. उरलेल्या पानावर नकाशांची सूची टाकली. प्रत्येक नकाशाखाली ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय वेगळं आहे, कारण 2012 पासून त्यांच्या माहितीचा परवाना निराळा आहे.

रात्री फाइल गेली. थोड्याच वेळात छापखान्यातल्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, पान दोनवर घोळ दिसतोय. 'या पुस्तकातला मजकूर कुणीही छापू शकतो, बदलू शकतो, विकू शकतो' असं आलंय. 'नाही' राहिलं का मध्ये?"

"काही राहिलेलं नाही. पण खालच्या ओळीवर कात्री येऊ देऊ नका. नावं द्यायची आणि पुढच्यालाही हाच हक्क ठेवायचा, असं आहे तिथे."

"मग दुसऱ्या कुणी उद्या हेच छापायला आणलं तर आम्ही घ्यायचं?"

"घ्या," मी म्हणाले. "फक्त शेवटची तीन पानं आहेत का ते बघून घ्या."